तुझी ओ अजून येते

बसवराज,

तुला मातीत बसवून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी ओ आली.

मी स्टुडिओत होतो. घरी बसवेना म्हणून दुकान उघडलं होतं, गिऱ्हाईक नकोच होतं. तुझा चॅनल उघडून पोरं काय काय लिहितायत ते बघत होतो. प्रत्येक लाइव्हच्या आधी सगळं नीट चाललंय ना हे तपासायला मी एक कॉमेंट टाकायचो, 'मास्टर हजर', आणि तू समोर खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवरून उत्तर द्यायचास, 'ओ'. एवढी वर्षं हेच. त्या दिवशी अंगठ्यानं आपोआप तेच लिहिलं. मोबाइल खाली ठेवायच्या आत उत्तर आलं.

'ओ.'

शेजारी तुझा फोटो. मीच काढलेला. चौकड्याचा शर्ट, एक भुवई वर, समोरच्याचं गणित चुकलंय हे आधीच ठाऊक असलेला चेहरा. मी मोबाइल काउंटरवर पालथा घातला आणि पाण्याचा तांब्या शोधायला लागलो. तांब्या समोरच होता. तुमच्यात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात, आमच्यात झोपवून. त्यावर तू नेहमी म्हणायचास, "रफिक, मी मेल्यावरबी बसूनच राहणार बघ. माझा तास संपतच न्हाई." हा विनोद मला त्या दुपारी अजिबात आवडला नाही.

हल्ली लोक दुकानात येतात आणि विचारतात, सरांचं आणि तुमचं काय नातं? त्यांना काय सांगू? मी लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतला फोटोवाला, आजोबांपासूनचा धंदा. तू रसायनशास्त्राचा मास्तर, ज्याच्या चेहऱ्याचे फ्लेक्स बस स्टँडपासून रिंग रोडपर्यंत लागलेले. तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा फ्लेक्स वगैरे काही नव्हतं. क्लासच्या पाटीसाठी फोटो पाहिजे होता. मी म्हटलं, जरा हसा. तू म्हणालास, "हसलो तर पोरं पैसे देतील, अभ्यास करणार न्हाईत." मी तसाच फोटो काढला. तो बघून तुझ्या बायकोनं, सुनंदा वहिनींनी, विचारलं होतं, पोलिस ठाण्यात काढला का म्हणून.

मग व्हिडिओ आले. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास उगवत होते, खोली भाड्यानं मिळेना, मेस वाढल्या, आणि सगळ्या मराठवाड्यातून पोरं पेटी-गादी घेऊन उतरत होती. ज्यांना लातूरला येणं झेपत नव्हतं त्यांच्यासाठी तू फुकट तास टाकायचं ठरवलंस आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. मी लग्नाचे व्हिडिओ करणारा माणूस. पहिल्याच तासाला मी मला येत होतं ते सगळं लावलं. गुलाबाच्या पाकळ्या उधळत बेंझिनचं कडं पडद्यावर आलं, मागं सनई. तू शेवटपर्यंत बघितलंस आणि म्हणालास, "नवरी कुठाय?" मी एवढा चिडलो होतो की दोन दिवस तुझा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तू सुशीलाचा, भिजवून परतलेल्या चुरमुऱ्यांचा, डबा घेऊन दारात. वहिनींच्या हातचा, वरून शेंगदाण्याचं कूट. माझ्याच खुर्चीवर बसून निम्म्याहून जास्त तूच खाल्लास आणि तुझ्या त्या मोडक्या दखनीत म्हणालास, "क्या मास्टर, कायकू मुं फुलाको बैठे?"

त्या दिवसापासून तू मला मास्टर म्हणायला लागलास आणि मी तुला चिडवायला सर. दोघांनाही ते चिकटलं.

तुझी हजेरी हा तर एक तमाशाच होता. लाइव्ह सुरू झालं की धडा नंतर, आधी नावं. पोरं कॉमेंटमध्ये नाव-गाव टाकायची आणि तू एकेक मोठ्यानं वाचायचास. "मुरुडची प्रतीक्षा आली. धर्माबादचा फैजान आला, आज उशीर का रे? अर्धापूरची दीक्षा आली. केळी निघाली का गं?" आणि प्रत्येकाच्या नावाखाली लिहायचास, 'ओ'. तास संपल्यावर पोरं शंका विचारायची, रडगाणी गायची, कुणी जेवलं नाही तेही सांगायची, आणि त्या प्रत्येकाला आधी ओ, मग उत्तर. आपल्याकडं हाकेला ओ द्यायची असते; 'काय' म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालते. पण हजारो पोरांना? नटनट्यांनी हाताखाली माणसं ठेवलीत त्यासाठी. चाहत्यांना वाटतं साहेब स्वतः बोलले, आणि साहेब तिकडं घोरत असतात.

मी तुला हे कितीदा सांगितलं. तू म्हणायचास, "मंग त्यानला हाक मारू नये पोरांनी. मला मारलीय ना?"

आता खरं बोलू. तुला आवडायचं ते. प्रसिद्धी नको नको म्हणणारा तू, पण लाइव्हच्या दिवशी मिशीला कलप लावल्याशिवाय यायचा नाहीस. चहाच्या गाड्यावर कुणी सेल्फी मागितला की तोंड वाकडं करायचास आणि हळूच उजवी बाजू कॅमेऱ्याकडं करायचास, कारण डावीकडं दात पडलेला. एकदा देगलूरहून एक बाई लेकाला घेऊन आली होती. तिनं पोराचं डोकं धरून तुझ्या पायावर टेकवलं. तू त्या पोराला ओरडलास, बाईला ओरडलास, मलाही ओरडलास, आणि परत जाताना गाडीत गुणगुणत होतास. मी आरशातून बघत होतो, सर.

आपलं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तू प्रश्न विचारलास की गप्प बसायचास. फळ्यासमोर खडू धरून, कॅमेऱ्याकडं बघत, नुसता गप्प. वर्गात ठीक आहे, समोर पोरं असतात. पण व्हिडिओत? कॉमेंटचा पाऊस पडायचा, 'सर नेट गेलं का?', 'सर आवाज येईना', 'सर हललेच न्हाईत, फोटोय का?' मी आपला शहाणपणा करून एका तासातली सगळी शांतता कापली. चटपटीत व्हिडिओ झाला. तू तो बघितलास आणि पहिल्यांदा माझ्यावर खरा भडकलास.

"काय कापलास तू?"

"रिकामी जागा कापली. लोक कंटाळून पळतात."

"तेवढंच तर शिकवायलो मी! बाकी पुस्तकात हाय की."

"गप्प बसणं शिकवतोस? त्याला रसायनशास्त्राचा मास्तर कशाला पाहिजे?"

तू उठलास, दुकानाचं शटर अर्धं ओढलंस, भर दुपारी, आणि परत येऊन बसलास. आणि मग मला ते सांगितलंस, जे त्याआधी कधी सांगितलं नव्हतंस आणि नंतरही कधी काढलं नाहीस.

लातूरचा तो भूकंप झाला तेव्हा तू प्राथमिक शाळेत होतास. विसर्जन बघून आजोबांबरोबर शेतातल्या आखाड्यावर, खोपटात, झोपायला गेला होतास म्हणून वाचलास. उजाडल्यावर गावात आलास तर गाव नव्हतं. दगड, माती आणि माळवदाची लाकडं. मोठी माणसं प्रत्येक घराच्या ढिगाऱ्यावर उभी राहून नाव घेऊन हाक मारत होती. हाक मारली की सगळे थांबायचे. खोरं थांबायचं, रडणं थांबायचं, कुणी खोकायचंसुद्धा नाही. खालून ओ आली तर तिथं उकरायचं, नाही आली तर पुढच्या घरावर. हे कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप ठरत गेलं होतं. तुझी थोरली बहीण, अक्का, घरात होती. तू तुमच्या ढिगाऱ्यावर चढून हाक मारलीस, "अक्का!" सगळे थांबले. आणि खालून ओ आली.

"आली, रफिक. तिचीच. मी कुणाचं ऐकणार न्हाई, तिचीच व्हती."

नेमकी कुठून आली ते कळायला दुसरी हाक मारायला पाहिजे होती. तेवढ्यात गाड्या आल्या. कुणी मोठं माणूस पाहणीला आलं होतं म्हणे, त्यांच्यामागं बघे, आणखी गाड्या, हॉर्न, आरडाओरडा. तू हाका मारत राहिलास. ती ओ देत असेल तर ती त्या गलक्यात गेली. सगळं शांत झालं तेव्हा दुपार टळली होती, आणि मग कितीही हाका मारल्या तरी काही आलं नाही.

फोटोवाल्याला दुसऱ्याच्या दुःखासमोर उभं राहायची सवय असते, पण मध्ये कॅमेरा असतो. मी फक्त विचारलं, चहा सांगू का. तू म्हणालास, सांग, आणि शटर उचललंस. त्या दिवशी मी कापलेली सगळी शांतता परत जोडली, सेकंदभरही न चोरता. पण त्या दुपारी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला पाहिजे होता, हे माझ्या मनात अजून येतं. तू झटकला असतास. तरीही.

दवाखान्यातही आपण भांडलोच. छातीवर वायरी, नाकात नळी, आणि उशीखाली मोबाइल. परीक्षा तोंडावर आलेली, पोरं सैरभैर, आणि तू चोरून ओ देतोयस. मी मोबाइल हिसकावला. म्हटलं, "ओ देता देता मरशील एक दिवस."

तू हात पुढं केलास. "मेल्यावर न्हाई देणार. तवर तर देऊ दे."

मी दिला परत. ते आपलं शेवटचं बोलणं.

म्हणून ती ओ आली तेव्हा मी मोबाइल पालथा घातला. मग कळलं ते असं. तू ॲडमिट होतास तेव्हा तुझे पार्टनर मोरे सर यांनी क्लासच्या ऑफिसकडून एक सोय करून घेतली होती, कॉमेंट आली की आपोआप तुझ्या नावानं ओ जाईल. तू बरा होईपर्यंत म्हणून. तू बरा झालाच नाहीस आणि सोय तशीच राहिली. मी त्यांच्याकडं गेलो, म्हटलं, बंद करा हे. त्यांचे डोळे सुजलेले होते, त्यांना वाईट कसं म्हणू? ते म्हणाले, "रफिकभाई, परीक्षा होऊ द्या. सर गेल्याचं पोरांना माहीत हाय. पर ओ आली की त्यानला धीर येतो. एवढ्यासाठी कशाला तोडायचं?"

खरंच यायचा धीर. पोरांनी त्याचं देवस्थान करून टाकलं. टेस्टच्या आधी तुझ्या शेवटच्या तासाखाली येऊन नाव-गाव टाकायचं, ओ आली की मोबाइल कपाळाला लावायचा. कुणीतरी लिहिलं, 'सर वरून बघतात.' त्यालाही ओ. कुणीतरी शिवी लिहिली. त्यालाही ओ. हे वाचून तू कुणाकुणाचे कान उपटले असतेस, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि तू काहीच करत नव्हतास.

मग मी वहिनींकडं गेलो. म्हटलं, तुम्ही सांगा मोरे सरांना, तुमचं ऐकतील. वहिनी भाजी निवडत होत्या. हातातली जुडी संपवली. मग म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ. मोबाइल वाजला की वाटतं हायत घरात." आणि पदराला हात पुसून त्यांनी मला त्यांचा मोबाइल दाखवला. त्यांनी लिहिलं होतं, 'जेवलात का?' खाली तुझा फोटो आणि 'ओ.'

मी चहा न घेता उठलो.

त्यानंतर काही दिवस मी चॅनल उघडला नाही. स्टुडिओत तुझी खुर्ची होती ती मागं नेऊन ठेवली, परत पुढं आणली. मोबाइल वाजला की मी तो गल्ल्यात टाकायचो. तू असताना एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि तुझा धाक काही कमी नव्हता.

मग नांदेडचं लग्न आलं. सुपारी आधीच घेतलेली, जावं लागलं. सकाळी कार्यालयात कॅमेरे लावून बसलो होतो. वऱ्हाड उशिरा येणार होतं, नेहमीसारखं. हात रिकामे होते म्हणून मोबाइल काढला आणि मोडायचा नाही म्हणून ठरवलेला नेम मोडला. तुझ्या शेवटच्या तासाखाली सगळ्यात वर, नुकतंच आलेलं, हे होतं:

'सर, अर्धापूरची दीक्षा. माझं नाव हजेरीतून काढून टाका. दुसऱ्यांदाबी माझ्याच्यानं होणार न्हाई. आता मी कुठंच हजर राहणार न्हाई. आईबाबांना माझ्यामुळं मान खाली घालावी लागू ने. तुम्ही लई केलं माझ्यासाठी.'

आणि त्याच्याखाली, त्याच मिनिटाला गेलेली, तुझ्या फोटोसकट: 'ओ.'

बसवराज, मी तुला शिव्या घातल्या. तिथंच, मांडवात, मोठ्यानं. तू असतास तर ओ देऊन थांबला असतास का? मुरुडच्या एका पोराचं असंच काहीतरी वाचून तू चालू तास सोडून उठला होतास, कॅमेरा तसाच रिकाम्या फळ्याकडं बघत राहिला होता, आणि तू पायात चप्पल न घालता माझ्या गाडीत येऊन बसला होतास. वाटेत मी विचारलं, ओ दिलीस ना, मग एवढी घाई? तू म्हणालास, "ओ दिली म्हणजे निघालो. नुसती तोंडानं देतेत व्हय?"

चॅनलची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडं होतीच; ऑफिसची ती सोय तेवढी माझ्या हातात नव्हती. मी तुझ्याच नावानं लिहिलं: 'मी रफिक मास्टर. अर्धापूरच्या दीक्षाचं घर कुणाला माहीत आहे? आत्ता फोन करा.' आणि माझा नंबर. ऑफिसला विचारून उपयोग नव्हता, ती फुकट तास बघणारी पोर, तिचा पत्ता कुणाकडं असणार? पण तुझी हजेरी ऐकून ऐकून पोरांना एकमेकांची गावं पाठ झाली होती. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही, एका मुलीचा फोन आला. शेजारच्या बारडची होती.

"काका, माझ्या वर्गात व्हती ती. तिच्या घरी लावला फोन मी. तिची आई म्हणली, मळ्यात गेली आत्ताच, फोन घरीच ठिवून."

मी तिला म्हटलं, तिच्या आईला सांग, माणसं घेऊन मळ्यात जा, मी निघालो. नवरीच्या मामाच्या हातात कॅमेरा दिला. ते मागून काय काय बोलत होते ते मी ऐकलं नाही. त्या लग्नात मंगलाष्टकांचा व्हिडिओ नाही, एवढं नंतर कळलं.

मळा शोधावा लागला नाही. रस्त्यावर मोटारसायकली आडव्यातिडव्या लागलेल्या. केळीची बाग केवढी दाट असते तुला माहीत आहे, दोन हातांपलीकडचा माणूस दिसत नाही. गावातली माणसं आधी विहिरीकडं पळाली होती, तिथं काही नव्हतं, म्हणून सगळे बागेत घुसले होते आणि सगळे एकदम ओरडत होते. दीक्षा, दीक्षे, अगं दीक्षा. वाळलेली पानं तुडवत, एकमेकांना हाका मारत, "तिकडं बघा", "इकडं बघितलं", फोन वाजतायत, कुणी फोनवरच कुणाला तरी सांगतंय, विहिरीवरची मोटर धडधडतेय, आणि बांधावर तिची आई छाती बडवून रडतेय. मी बांधावरच थांबलो. तुझं गाव मी कधी बघितलं नव्हतं, पण ते मला तिथं दिसलं. तू सांगितलेलं सगळं तिथं होतं, अगदी गाड्यांसकट.

मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मोटर बंद करा म्हणून ओरडलो, एवढं आठवतं. गप्प बसा म्हणून ओरडलो. एक जण माझ्या अंगावर धावून आला, हा कोण आला मधीच म्हणून. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "एवढ्या आवाजात पोरीनं ओ दिली तर तुला ऐकू यील का रे?" तो थांबला. मोटर थांबली. मी तिच्या बापाजवळ गेलो. धोतराला केळीचा चीक लागलेला. त्यांना म्हटलं, "तुम्ही मारा हाक. एकदाच. मंग कुणी हलायचं न्हाई."

त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"दीक्षेऽ!"

आणि सगळे गप्प.

सर, मी आयुष्यभर तुझ्या त्या शांततेला नावं ठेवली. तिथं उभा राहून मला कळलं, ती रिकामी नसते. तिच्या आईनं पदर तोंडात कोंबला होता. कुणाचा तरी फोन थरथरला, त्यानं तो मुठीत आवळला. वर केळीची पानं हलायची थांबेनात, आणि मला त्या पानांचा राग आला. एकाला राहवेना, तो दुसरी हाक मारायला तोंड उघडायला लागला, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तू फळ्यासमोर उभा असायचास ना, तसाच उभा आहेस असं वाटलं मला, माझ्या मागं, जरा डावीकडं. मी वळून बघितलं नाही.

मग आतून, लांबून, बारीक आवाजात आली.

"ओ."

"आलो!" तिचा बाप पानं फाडत आत घुसला. "आलो माय, आलो, आलो!"

ती गुडघ्यात मान घालून बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आईनं तिला असं कवटाळलं की दोघींत वेगळं काही दिसेना. तिथं कुणी पोरीला काही विचारलं नाही, मीही नाही. बऱ्याच वेळानं, घरी ओसरीवर, ती आपणहून माझ्याजवळ आली. तुझा तास बघून बघून तिला माझा आवाज ठाऊक होता. कॅमेऱ्यामागून मी खोकायचो ना.

"मास्टरकाका, विहिरीकडंच चालले व्हते मी," ती खालमानेनं म्हणाली. "घरातनं निघता निघता फोनवर सरांना लिहिलं. तर त्यांची ओ आली. मला माहीत हाय सर न्हाईत. पर ओ आली ना. मंग फोन घरी ठिवला अन् केळीत जाऊन बसले. म्हणलं, ऐकलं असंल तर कुणीतरी यील."

आता बोल. एवढे दिवस मी त्या यंत्राला शिव्या घालत होतो आणि त्याच खोट्या ओवर विसंबून ती पोर बसून राहिली. मोरे सर बरोबर होते का मी? तू असतास तर यावर आपण महिनाभर भांडलो असतो. मी एवढंच सांगेन की मांडवात वऱ्हाड वेळेवर आलं असतं तर मी मोबाइल उघडला नसता, आणि ती कुणाची वाट बघत किती वेळ बसली असती, याचा विचार मला करवत नाही.

लातूरला आल्यावर सरळ वहिनींकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइल घेतला, तो 'जेवलात का'चा संदेश एकदा बघितला, आणि म्हणाल्या, "बंद करा भाऊ. ओ दिली की जावं लागतंय. त्यानला आता जाता येत न्हाई." त्यांनीच मोरे सरांना फोन लावला. मोरे सरांनी एका शब्दानं वाद घातला नाही.

आता दुपारी वहिनी मोबाइल घेऊन बसतात. रसायनशास्त्र त्यांना येत नाही, ते मोरे सर बघतात. वहिनी बाकीचं वाचतात, चष्मा लावून, एकेक, आणि स्वतःच्या नावानं उत्तर देतात: 'मी सुनंदा. वाचलं बाळा.' हात तुझ्यापेक्षा हळू चालतो त्यांचा. पोरं थांबतात. दीक्षाला नांदेडच्या एका डॉक्टरबाईंकडं नेतात, आईबापही बरोबर जातात. परीक्षेचं बघू नंतर, असं तिचा बाप मला फोनवर म्हणाला. मग म्हणाला, केळी पाठवू का? मी म्हटलं, पाठवा. तुझ्या वाटणीची मी खाल्ली.

आणि आज मी परत चॅनल उघडला. लाइव्ह नाही, काही नाही, स्टुडिओत मी एकटा आणि समोर तुझी खुर्ची. लिहिलं, 'मास्टर हजर.' कुणाची ओ आली नाही. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. तू दिलेला शब्द पाळलास.

तरी एकदा तोंडानं मारतो हाक. दुकानात कुणी नाही, लाजायचं कारण नाही. शटर अर्धं ओढलंय, पंखा बंद केलाय.

बसवराज!

गप्प बसलोय. नेट गेलेलं नाही.